मनीषनगरच्या सायकलीला कोणता ब्रेक?

सायकल घ्यायची ठरली की घरात आधी रंगाची चर्चा होते, मग गिअरची, मग किमतीची. ब्रेकचा विषय निघतो तो सायकल घरी आल्यावर, आणि पुष्कळदा कुणीतरी पडल्यावर. हा क्रम उलटावा म्हणून ही पुस्तिका लिहिली आहे. ब्रेक ही नंतर सवडीने बदलून घ्यायची वस्तू नाही. कारखान्यात फ्रेमवर आणि चिमट्यावर ज्या ब्रेकची जागा करून ठेवलेली असते, तोच ब्रेक त्या सायकलीला नीट बसतो. डिस्कसाठी चिमट्यावर कान हवेत, हबवर चकती बसवायची जागा हवी. व्ही-ब्रेकसाठी चिमट्याच्या दोन्ही दांड्यांवर खुंट्या हव्यात. त्या नसतील तर ‘नंतर टाकून घेऊ’ या बोलण्याला अर्थ नाही. सायकल निवडली तेव्हाच ब्रेकही निवडला गेला, हे लक्षात ठेवूनच दुकानात पाऊल टाकावे.

जगभर ब्रेकची तत्त्वे एकच असली तरी ‘कोणता घ्यावा’ याचे उत्तर गावोगावी वेगळे येते. आपला रस्ता कसा, पाऊस किती, सायकल रात्री कुठे उभी राहते आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार, यावर ते ठरते. म्हणून ही पुस्तिका एका वस्तीच्या रस्त्यांवरून लिहिली आहे.

मनीषनगर म्हणजे नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडवरून रेल्वे रूळ ओलांडले की लागणारी वस्ती. पुढे बेसा, बेलतरोडी. नागपूर-वर्धा हा लोहमार्ग दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही वाहतुकींचा भार वाहतो, त्यामुळे इथल्या फाटकावर ताटकळणे हा एका पिढीचा रोजचा अनुभव होता. २०२० च्या नोव्हेंबरात वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा डबलडेकर पूल खुला झाला. वर मेट्रो, मधल्या मजल्यावर वाहने, खाली जुना रस्ता. त्याच कामातून मनीषनगरकडे जाणारा पूल आणि रुळाखालचा भुयारी मार्ग झाला. गाडीवाल्यांचा वेळ वाचला. सायकलवाल्यांच्या वाट्याला मात्र पूर्वी नव्हती ती गोष्ट आली, ती म्हणजे उतार. पुलावरून उतरताना पायडल न मारता सायकल वेग घेते, आणि भुयारी मार्गात ती नेमकी तिथे खाली पोहोचते जिथे पावसाचे पाणी आणि चिखल साचतो.

तरीही नागपूर मुळात सपाट आहे. सेमिनरी हिल्स, तेलंगखेडीकडचा भाग सोडला तर चढ-उतार असे नाहीतच. ‘सपाट गावात ब्रेकचे एवढे काय’ असे कुणाला वाटेल, पण इथला धोका उताराचा कमी आणि अचानक थांबावे लागण्याचा जास्त आहे. उलट्या दिशेने येणारी दुचाकी, उभ्या कारचे उघडलेले दार, मध्येच उठून चालू लागलेली गाय, सवारी दिसताच करकचून थांबलेला ऑटो, पट्टे न मारलेला गतिरोधक. सिमेंट रस्ता आणि त्याच्या कडेचे गट्टू यांच्यात कुठे कुठे पायरी असते, आणि गाडी मागे आली की सायकलवाल्याने तिथेच उतरावे अशी सगळ्यांची अपेक्षा असते. बेसा-बेलतरोडीकडे बांधकामे चालू आहेत, त्यामुळे वळणावर रेती आणि गिट्टी सांडलेली. अशा ठिकाणी उपयोगी पडतो तो कह्यात राहणारा ब्रेक. हवा तितकाच लागणारा, आणि दरवेळी सारखाच लागणारा.

थोडे आकडे पाहू. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. समोर काही दिसले, मेंदूने ते घेतले आणि बोटे लिव्हरवर आवळली, यात एक सेकंद गेला तर सायकल मधल्या काळात एका कारच्या लांबीहून अधिक पुढे सरकलेली असते, आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. पुढचे अंतर ब्रेक ठरवतो. आयएसओ ४२१० या सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात शहरी सायकलीची कोरड्या जागी चाचणी ताशी २५ किलोमीटर वेगाने होते. दोन्ही ब्रेक दाबले तर ती ७ मीटरच्या आत थांबली पाहिजे. नुसता मागचा दाबला तर १५ मीटरपर्यंत सूट आहे. ज्यांनी मानक लिहिले त्यांनी मागच्या ब्रेकला दुपटीहून जास्त अंतर देऊन ठेवले आहे, याकडे प्रत्येक आईवडिलांनी नीट पाहावे.

कारण आपल्याकडे मुलांना शिकवले जाते ते नेमके उलटे. ‘पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील.’ मूल घाबरून पुढच्या लिव्हरला हातच लावत नाही, आणि मागच्या एकट्या ब्रेकवर वर्षानुवर्षे सायकल चालवते. थांबताना अंगाचे सगळे वजन पुढे झुकते. पुढचे चाक जमिनीवर दाबले जाते, मागचे हलके होते. हलके झालेले चाक लगेच अडकते आणि घसरते. मागच्या टायरचा एकाच जागी झिजलेला पट्टा पाहिला की ओळखावे, स्वार फक्त मागचा ब्रेक मारतो. तोंडावर पडण्याची भीती खोटी नाही, पण ती एकदम करकचून दाबण्याची आहे. बूड सीटवर मागे सरकवून, हात ताठ धरून, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत नेला तर सायकल सरळ आणि लवकर थांबते. रेती, चिखल, ओला रंगीत पट्टा किंवा वळण असेल तिथे मात्र पुढच्यावर जोर देऊ नये. वेग आधीच, सरळ रस्त्यावर असताना कमी करून घ्यावा. मोकळ्या ग्राउंडवर मुलाकडून हे करून घ्यायला एक संध्याकाळ पुरते. आणखी एक. आपल्याकडच्या सायकलींना बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण काही परदेशी बनावटीच्या सायकलींना तो डाव्या हाताला येतो. नवी सायकल घेऊन निघण्याआधी कोणता हात कोणत्या चाकाचा, हे पाहून घ्यावे.

आता ब्रेकच्या प्रकारांकडे येऊ. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला आणि त्यामुळे ब्रेकची जागाही हळूहळू बदलली. त्याआधी भरीव रबराच्या चाकावर वरून चमच्यासारखा पत्रा दाबला की काम भागत असे. हवेचा टायर तसा घासला तर फाटायचा. म्हणून ब्रेक रिमवर आला. त्यातून निघालेला सळईचा ब्रेक आपल्या आजोबांच्या सायकलीला होता. वरळीला १९३९ साली सुरू झालेली हिंद सायकल्स, सोनीपतची १९५१ सालची ॲटलस, लुधियानाची १९५६ सालची हीरो, या सगळ्यांच्या काळ्या सायकली याच ब्रेकवर धावल्या. लिव्हर ओढली की सळया एक रिकिबीच्या आकाराची पट्टी वर उचलतात आणि दोन रबरं रिमच्या आतल्या बाजूला, हबकडे तोंड असलेल्या भागाला दाबली जातात. रिमची कड वापरातच नसल्यामुळे चाक थोडे आउट असले तरी चालते, आणि सळई तारेसारखी कुजून तुटत नाही. दूधवाले, पेपरवाले, गवंडी यांनी ही सायकल सोडली नाही याला कारण आहे. तिचा दोष एकच, पण मोठा. तिची रिम स्टीलची असते.

स्टीलची रिम ओली झाली की रबराची पकड जवळजवळ नाहीशी होते. लिव्हर दाबावी, आणि चाक आपले चालतच राहावे. रबराने रिमवरचे पाणी पुसून काढेपर्यंत काही फेरे निघून जातात, आणि चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण दोन मीटर. ॲल्युमिनियमची रिम, दुकानदाराच्या भाषेत अलॉय, ओली असतानाही बरीच पकड ठेवते. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, म्हणजे नेमके शाळा सुरू असताना. तेव्हा ब्रेकचा प्रकार पाहण्याआधी रिम पाहा. लोहचुंबक लावून पाहिले तरी कळते. चिकटले तर स्टील. शाळकरी मुलाच्या सायकलीला स्टीलच्या रिमवर घासणारा ब्रेक घेऊ नये, हे मी कोणतीही पळवाट न ठेवता सांगतो.

रिमला कडेने धरणारे ब्रेक मुख्यतः दोन. एका बोल्टवर बसणारा कॅलिपर, आणि चिमट्याच्या दोन दांड्यांवर दोन लांब हात असलेला व्ही-ब्रेक. शिमानोने १९९६ मध्ये व्ही-ब्रेक बाजारात आणला आणि डोंगरी सायकलींचे चित्र पालटले. लांब हातांमुळे थोड्या जोरात भरपूर दाब मिळतो, बनावट साधी, आणि सगळे डोळ्यांसमोर. मनीषनगरच्या रस्त्यावर साध्या वापराला याहून अधिक ताकदीची गरज नाही. त्याचे नखरे तेवढे ठाऊक असावेत. चाक आउट झाले की रबर एका बाजूने घासू लागते. तेव्हा ब्रेक सैल करू नये, चाकाचा आउट काढावा. लिव्हरही जुळणारी हवी. व्ही-ब्रेकला जास्त तार ओढणारी लिव्हर लागते, कॅलिपरला कमी ओढणारी. यांची अदलाबदल झाली तर एका बाबतीत लिव्हर हँडलला टेकते आणि ब्रेक लागत नाही, दुसऱ्या बाबतीत ती दगडासारखी घट्ट होते आणि तरीही सायकल थांबत नाही. दुरुस्तीत हातात आली ती लिव्हर बसवली जाते, आणि घरचे ‘ब्रेकच खराब’ म्हणत राहतात. तिसरी गोष्ट, चाक काढताना व्ही-ब्रेकच्या एका हातातून एक वाकडी धातूची नळी सोडवावी लागते. पंक्चर काढल्यावर ती परत अडकवायची राहिली तर तो ब्रेक शून्य. पंक्चरच्या दुकानातून निघताना दोन्ही लिव्हर एकदा दाबायच्या, ही सवय लागली पाहिजे.

काळ्या मातीचा प्रश्न वेगळा. बेशाच्या पुढे, जिथे लेआउट पडले आहेत पण रस्ता झालेला नाही, तिथे पावसात ही माती टायर, मडगार्ड आणि ब्रेकच्या मध्ये लिंपली जाते आणि चाक फिरेनासे होते. वाळली की तिच्यातली बारीक रेती रबरात रुतते, आणि मग प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की रिम कानशीने घासल्यासारखी झिजते. उन्हाळ्याचे दुखणे याहून निराळे. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात महिनाभर उभ्या सायकलीचे रबर कडक पडते, त्यावर चकाकी येते आणि ते रिम धरत नाही, नुसते किंचाळते. रबर काढून पॉलिश पेपरवर घासले, रुतलेले खडे टोकदार वस्तूने काढले, तर काही दिवस निभावते. खरे तर जूनआधी रबरं बदलावीत. दोन प्लेट तर्री-पोह्याच्या पैशांत जोडी येते.

आता डिस्क. आज दुकानात कुणीही मुलगा शिरला की त्याचे पहिले वाक्य असते, ‘भाऊ, डिस्कवाली दाखवा.’ मोटारसायकलला डिस्क, म्हणून सायकललाही डिस्क. डिस्कचे गुण खरे आहेत. चकती हबजवळ, चिखल-पाण्यापासून दूर असते. ओली झाली तरी लवकर पकडते. चाक आउट असले तरी तिला फरक पडत नाही, आणि रिम झिजत नाही. शर्यतीच्या सायकलींतही २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने डिस्कला कायमची मुभा दिली. पण ‘डिस्क’ हा एक शब्द तीन-चार फार वेगळ्या वस्तूंना लावला जातो, आणि स्वस्त सायकलीवर जी येते ती बहुधा तारेवर चालणारी, एकाच बाजूने दाबणारी असते.

ती जवळून पाहा. चकतीच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. लिव्हर दाबली की बाहेरचा पॅड सरकतो, आतला जागचा हलत नाही. म्हणजे बाहेरचा पॅड पातळ चकतीला वाकवून आतल्या पॅडवर नेऊन दाबतो, तेव्हा कुठे सायकल थांबते. आतल्या पॅडमध्ये आणि चकतीत फट केसभर असली पाहिजे. पॅड झिजत जातो तशी ती वाढते आणि आतल्या बाजूने, आऱ्यांच्या मधून एलन की घालून स्क्रू थोडा फिरवावा लागतो. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण करतो कोण? सहसा नुसती तार ताणली जाते. चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा लिव्हर हँडलला टेकते. अशा डिस्कपेक्षा अलॉय रिमवरचा नीट लावलेला व्ही-ब्रेक कधीही चांगला थांबतो. डिस्क घ्यायचीच तर दोन्ही बाजूंनी दाबणारी घ्या, आणि एलन की घरात ठेवा.

तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक डिस्क हा या सगळ्यांतला उत्तम ब्रेक, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एका बोटाने चालते, दोन्ही पॅड सारखे दाबते, झीज आपोआप भरून काढते. मात्र तिला माणूस माहीतगार हवा. आपल्या पंक्चरच्या दुकानात सायकल उलटी करून सीटवर आणि हँडलवर उभी करतात. त्यात तेलाच्या टाकीतला हवेचा बुडबुडा नळीत शिरू शकतो, आणि सायकल सरळ केल्यावर लिव्हर स्पंजासारखी दबते. चाक काढलेले असताना कुणी सहज लिव्हर दाबली तर दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात आणि चकती परत आत जात नाही. जाड पुठ्ठ्याची घडी पॅडच्या मध्ये ठेवली की हा त्रास टळतो. तेलही कोणतेही चालत नाही. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल, काही कंपन्यांच्या ब्रेकला मोटारीत घालतात ते डॉट जातीचे. एकाच्या जागी दुसरे घातले की आतली रबरी वायसरे फुगतात आणि ब्रेक जातो. आणि सर्व प्रकारच्या डिस्कला लागू असणारा नियम असा की चकतीवर तेलाचा थेंब पडता कामा नये. चेनला तेल मारताना उडालेला फवारा पॅडने शोषला की तो पॅड सहसा फेकावाच लागतो. ‘ब्रेक आवाज करतो, थोडे तेल टाकून द्या’ ही विनंती तर कधीच करू नये.

हबच्या आत बसणारे ड्रम आणि उलटे पायडल मारून लागणारे ब्रेक आपल्या बाजारात क्वचित दिसतात. पाणी-चिखल त्यांना शिवत नाही, पण सुटे भाग मिळणे कठीण, म्हणून पुस्तिकेत त्यांना थोडीच जागा दिली आहे. ई-सायकलचे प्रकरण मात्र मोठे आहे. साध्या सायकलीहून ती बरीच जड, आणि मोटर तिला ताशी २५ किलोमीटरपर्यंत सहज नेते. तिच्या लिव्हरमध्ये मोटर बंद करणारा स्विच असतो. लिव्हर तुटली म्हणून साधी बसवली की ब्रेक दाबला असताना मोटर पुढे ओढत राहते. तिला दोन्ही चाकांना चांगली डिस्कच हवी.

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली, पुढच्या वर्षी सैबेरिया पार केला. त्यानंतर या शहरात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची ओढ वाढली आहे. रविवारी पहाटे वर्धा रोडने बुटीबोरीकडे निघालेली तरुण मंडळी दिसतात, आणि त्यांतली काही चिखलदऱ्यालाही जातात. तिथे हिशेब बदलतो. परतवाड्याकडे उतरताना सातशे मीटरची उंची सोडावी लागते. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरले तर या उतारात जी ऊर्जा निघते तिच्यावर पावणेदोन लिटर पाणी उकळेल. काही वारा खातो, उरलेली सगळी उष्णता ब्रेकला घ्यावी लागते. रिम ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. उतरताना ब्रेक धरून ठेवू नये; वळणाआधी जोरात मारावा, सोडावा, चाकाला हवा खाऊ द्यावी. घाटाची हौस असणाऱ्याने मोठ्या चकतीची हायड्रॉलिक डिस्क घ्यावी आणि निघण्याआधी पॅड मोजावेत. अर्ध्या मिलिमीटरवर आलेला पॅड घेऊन घाट उतरू नये.

माझे मत विचाराल तर मनीषनगरातून शाळेत किंवा ट्यूशनला जाणाऱ्या मुलाला अलॉय रिम आणि व्ही-ब्रेक. रोज मेट्रो स्टेशन किंवा मिहानपर्यंत, पावसाळ्यातही, बॅग घेऊन जाणाऱ्याला दोन्ही बाजूंनी दाबणारी तारेची डिस्क. पैसे आणि जवळ जाणता कारागीर असेल तर हायड्रॉलिक. जुनी काळी सायकल ज्यांची साथ देते आहे त्यांनी ती मोडीत काढू नये. रबरं नवी ठेवावीत, पावसात वेग निम्मा करावा आणि भुयारी मार्गाच्या तोंडाशी पोहोचण्याआधीच ब्रेक एकदा हलका दाबून रिम पुसून घ्यावी. प्रत्येक निवडीमागची कारणे, जुळवणीच्या रीती आणि दुकानात विचारायचे प्रश्न पुढच्या प्रकरणांत आहेत. ती क्रमाने वाचायची गरज नाही, आपल्या सायकलीवर जो ब्रेक आहे तिथून सुरुवात करावी.

पण त्याही आधी एक काम करा. घरातली प्रत्येक सायकल बाहेर काढा, पुढची लिव्हर पूर्ण दाबा आणि सायकल पुढे ढकलून पाहा. मग मागची. लिव्हर हँडलला टेकत असेल किंवा चाक फिरत असेल, तर ती सायकल दुरुस्त होईपर्यंत मुलाच्या हातात देऊ नका.